रेंज रोव्हर: आधी स्प्रिंगा, मग गालिचे

तुम्ही विचारलंत की रेंज रोव्हर पहिल्यापासून बड्या लोकांचीच गाडी, मग पाच पिढ्यांत लेदर आणि स्क्रीन वाढण्यापलीकडे बदललं काय? यातलं पहिलंच गृहीतक चुकलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

१९७० साली ती आली तेव्हा आत गालिचासुद्धा नव्हता. सीट रेक्झिनच्या, खाली रबरी मॅट. शेतावरून चिखल घेऊन या आणि पाइप लावून धुऊन काढा, असा सगळा हिशोब. दारं दोनच, पॉवर स्टीअरिंग नाही, किंमत १,९९८ पौंड. मग वेगळं काय होतं? स्प्रिंगा. याच कंपनीच्या तेव्हाच्या लँड रोव्हर गाड्यांना कमानपाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असत. स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड या इंजिनिअरांनी इथे भरपूर वरखाली होणाऱ्या कॉइल स्प्रिंगा घातल्या, चारी चाकांना डिस्क ब्रेक दिले आणि ३.५ लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ बसवलं. हे इंजिन मूळचं अमेरिकेतल्या ब्यूइकचं. त्याचा सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आसावर, टाकायचा तर तो फार जाडजूड करावा लागला असता, म्हणून तो कायम चारही चाकांना वाटून दिला. नांगरलेल्या शेतात आणि हायवेवर सारखीच निवांत चालणारी गाडी झाली ती यातून. ऐषआराम म्हणाल तर एवढाच.

एका परिचितांकडे अशी जुनी दोन दारांची गाडी बघितलीय. ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की बॉनेटचे दोन्ही कोपरे उंचवट्यासारखे वर आलेले दिसतात. मला ती नुसती डिझाइनची हौस वाटली होती. अरुंद फाटकातून बाहेर काढताना कळलं, गाडीची रुंदी कुठे संपते ते त्यांच्यावरूनच समजतं. मागचं दारही आडवं दुभंगतं: वरचा भाग छपरासारखा उघडतो, खालचा बाकासारखा पसरतो. आम्ही त्यावर बसूनच चहा प्यायलो.

श्रीमंती नंतर हप्त्याहप्त्याने आली. १९८१ ला चार दारं, १९८२ ला ऑटोमॅटिक, १९९२ ला लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) आणि त्यासोबत एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे. मधल्या काळात कारच्या गटात पॅरिस-डकार ही वाळवंटातली रॅली दोनदा मारली, १९७९ आणि १९८१. ही पहिली पिढी तब्बल १९९६ पर्यंत बनत होती.

दुसऱ्या पिढीबद्दल, म्हणजे १९९४ च्या पी-३८ बद्दल, मी फार बोलणार नाही. चौकोनी दिव्यांनी चेहरा गेला, एवढंच माझं मत.

खरी उडी तिसरीत. बीएमडब्ल्यूच्या मालकीत घडली, पण २००० साली लँड रोव्हर कंपनी फोर्डने घेतली आणि गाडी बाजारात आली ती त्यांच्या काळात. वेगळी चेसिस गेली, सरळसोट ॲक्सल गेले, प्रत्येक चाक स्वतंत्र झालं. जुन्या भक्तांनी कपाळाला हात लावला, कारण सरळ ॲक्सलचा खडकांत मोठा फायदा असतो: एक चाक वर चढलं की त्याच ॲक्सलवरचं दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. यावर तोड काय काढली? डावे-उजवे हवेचे फुगे व्हॉल्व्हने एकमेकांना जोडून टाकले. रस्त्यावर व्हॉल्व्ह बंद, दगडधोंड्यांत उघडा, म्हणजे गाडी वेळेपुरती जुन्यासारखी वागते. मला विचाराल तर पन्नास वर्षांतली ही सगळ्यात हुशार गोष्ट.

२००८ मध्ये टाटांनी कंपनी घेतली. त्यानंतरची चौथी पिढी २०१२ ची, सगळी बॉडी ॲल्युमिनियमची, त्यामुळे वजन आधीच्यापेक्षा जास्तीत जास्त ४२० किलोंनी घटलं. पाचवी २०२१ ची; तिची मागची चाकंही सात अंशांपर्यंत वळतात, त्यामुळे एवढं धूड पार्किंगमध्ये छोट्या गाडीसारखं फिरतं. २०२४ मध्ये हीच पिढी पुण्यात जोडायचं जाहीर झालं आणि सुरुवातीची किंमत २.३६ कोटींवर आली. 'स्वस्त' हा शब्द मी मुद्दाम वापरत नाहीये.

मागचं दार मात्र आजही आडवंच दुभंगतं. फक्त आता त्या फळीवर टाकायला लेदरच्या उशा मिळतात, जादा पैसे मोजले तर.