कोडचा वेळ मोजण्याआधी

जुना कोड १२.४१ सेकंद, नवा १२.३८, म्हणून नवा जलद? थांब जरा. जुनाच कोड दहादा चालवून बघ, आकडे बहुतेक याहून जास्त हलतील. तो हेलकावा किती, हे कळल्याशिवाय तुलनाच करू नकोस.

सध्या एवढंच सांभाळ:

- पहिली फेरी सोडून दे, तेव्हा कॅशे (नुकताच वापरलेला डेटा हाताशी ठेवणारी जलद मेमरी) रिकामी असते.
- लॅपटॉप चार्जरला लाव, ब्राउझर बंद कर. प्रोसेसर तापला की वेग स्वतःच कमी करतो, आणि दोष मात्र तुझ्या कोडवर येतो!
- मध्यक लिही, सोबत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळही.

नवशिके हमखास सगळ्यात छान फेरी तेवढी अहवालात टाकतात. ते टाळ. सांख्यिकी चाचण्यांचं नंतर बघू.