घराविषयी प्रश्नोत्तरे : वादळाच्या वाटेवरच्या खिडक्या

प्रश्न : श्रीवर्धन तालुक्यात समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आमचे जांभ्या दगडाचे एकमजली कौलारू घर आहे. आई-वडील दोघेच तेथे राहतात आणि दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. मी पुण्यात असतो. २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात पश्चिमेकडच्या दोन सरकत्या काचेच्या खिडक्या फुटल्या आणि थोड्याच वेळात त्या खोलीवरची कौले उडाली. आता सातही खिडक्यांना बाहेरून संरक्षण करायचे ठरवले आहे. एक विक्रेता दुकानाला असतात तशी रोलिंग शटरे सुचवतो, गावातला सुतार लाकडी झडपा करून देतो म्हणतो, आणि शेजारी प्लायवूडची फळी पुरे असे सांगतात. यांतून काय निवडावे?

उत्तर : आधी खिडक्या फुटल्या आणि मग कौले उडाली, हा क्रम आपण नोंदवला हे फार बरे झाले, कारण खिडकी का झाकायची याचे उत्तर त्यातच आहे. वारा फुटलेल्या खिडकीतून घरात शिरतो आणि त्याला बाहेर पडायला तेवढी वाट मिळत नाही, तेव्हा खोलीतील दाब वाढून तो छपराला आतून वर ढकलू लागतो. त्याच वेळी छपरावरून वाहणारा वारा त्याला बाहेरून वर ओढत असतो. रिपांवर नुसती टेकलेली मंगलोरी कौले हे दुहेरी बळ सोसू शकत नाहीत. म्हणून झडपांचा खर्च काचेसाठी नसून छपरासाठी आहे, असे समजूनच तो करावा.

हे बळ किती असते, याचा अंदाज असलेला बरा. ताशी १२० किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला, तर दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो भार पडतो. म्हणजे चार फूट रुंद आणि पाच फूट उंच खिडकीवर जवळपास सव्वाशे किलो. वेग दुप्पट झाला की भार चौपट होतो. आपल्याकडच्या बांधकामांसाठी असलेल्या आय.एस. ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. आपणही तोच धरावा, असे मी सुचवेन. त्या वेगाला याच खिडकीवर सुमारे २२० किलो भार येतो. शिवाय निव्वळ वारा हा एकच शत्रू नाही. सुपारीचे तुटलेले शेंडे, नारळ, शेजारच्या गोठ्याचा पत्रा, आपलीच कौले हे सारे वाऱ्याबरोबर येते, आणि काच बहुतेक वेळा त्यानेच फुटते.

आता निवडीकडे येऊ. माझ्या मते पहिला प्रश्न कोणत्या वस्तूचे शटर घ्यावे हा नाही, तर वादळाच्या दिवशी ते कोण लावणार हा आहे. निसर्ग १ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाच्या तीव्र पट्ट्याच्या रूपात होते, २ जूनला त्याचे चक्रीवादळ झाले आणि ३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले. एवढ्या अवधीत आपण पुण्याहून पोहोचालच असे नाही. अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची चार बाय पाच फुटांची एक फळी वीस किलोंहून अधिक भरते; ती उचलून खिडकीशी धरायची आणि बोल्ट पिळायचे, असे सात वेळा करणे आपल्या आई-वडिलांना शक्य नाही, आणि त्यांनी तसे करू पाहणे हाच मोठा धोका आहे. प्लायवूड कामचलाऊ म्हणून वाईट नाही, पण या घरासाठी मी ते बाद करतो.

रोलिंग शटर चांगले असू शकते. मात्र दुकानाचे शटर चोरासाठी बनवलेले असते, वाऱ्यासाठी नव्हे. त्याच्या पातळ पट्ट्या दोन्ही बाजूंच्या उथळ खाचांत नुसत्या सरकत असतात. मोठ्या दाबाखाली मधला भाग आत वाकतो, पट्ट्या आखडतात आणि खाचेतून निसटतात, आणि मग सुटलेले शटर काचेवरच आपटत राहते. घ्यायचेच असेल तर पट्ट्यांच्या टोकांना खाचेत अडकणारे आकडे आहेत का, आणि ते किती दाबासाठी तपासले आहे, हे लेखी मागावे. विजेवर चालणाऱ्या शटराला हाताने फिरवण्याचा दांडा असलाच पाहिजे. निसर्गनंतर कित्येक गावांत किती दिवस अंधार होता, हे आपल्याला सांगायला नको.

सुताराचा प्रस्ताव मला या घरासाठी सर्वांत योग्य वाटतो. कोकणातल्या जुन्या घरांना भरीव फळ्यांच्या झडपा, कडी-कोयंडा आणि मागे अडसर असे, तेव्हा या बंदोबस्ताची वेगळी चर्चा करावी लागत नसे. सरकत्या काचा आल्या आणि तो आपण हातचा घालवला, याचे मला मनापासून वाईट वाटते. झडप सागाची किंवा फणसाची, निदान एक इंच जाडीची आणि मागून आडव्या पट्ट्या मारलेली असावी. ती कायम खिडकीशेजारी बिजागऱ्यांवर राहते, त्यामुळे दोन वृद्ध माणसे घरातल्या झडपांच्या सातही जोड्या अर्ध्या तासात बंद करू शकतात. प्रत्येक फळीला दोनऐवजी तीन बिजागऱ्या लावाव्यात आणि त्या खिळ्यांनी न ठोकता लांब स्क्रूंनी किंवा बोल्टांनी बसवाव्यात. समोरून येणारा वारा झडपेला चौकटीवर दाबून धरतो. घराच्या मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर मात्र तोच वारा झडपेला बाहेर ओढतो. केवळ कडीवर भिस्त ठेवली तर तिथल्या झडपा उघडतात. म्हणून बाहेरून आडवा अडसर आणि तो अडकवायला भिंतीत पक्के आकडे हवेत, तेही सातही खिडक्यांना. वादळ पुढे सरकते तशी वाऱ्याची दिशा फिरते, त्यामुळे फक्त पश्चिमेच्या खिडक्या झाकून भागत नाही.

आकडे भिंतीत कसे बसवणार, ही सर्वांत नाजूक बाब आहे. काँक्रीटमध्ये वापरतात ते फुगणारे अँकर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, जांभ्यात नीट पकड घेत नाहीत. दगड सच्छिद्र आणि मऊ असल्याने भोकाच्या कडा चुरतात. चिऱ्यातून आरपार बोल्ट काढून आतल्या बाजूला निदान चार इंचांची लोखंडी पट्टी आणि नट द्यावा, आणि चिऱ्याच्या कडेपासून तसेच सांध्यापासून दूर भोक पाडावे. बोल्ट शक्यतो ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण खाऱ्या हवेत साधा नट दोन-तीन पावसाळ्यांत गंजून बसतो. झडप उत्तम आणि आकडा कच्चा, असे काम मी अनेक घरांत पाहिले आहे. पैसे कमी पडत असतील तर लाकडात काटकसर करावी, बोल्टात करू नये.

झडप आणि काच यांच्यात निदान दोन-तीन इंच जागा सोडावी, म्हणजे मार बसून झडप वाकली तरी काचेला टेकणार नाही. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो : सर्व खिडक्या बंद केल्यावरही घरातून बाहेर पडण्याचा एक दरवाजा आतून सहज उघडता आलाच पाहिजे.

प्रश्न : मुलगी फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहते. २०२४च्या मिल्टन वादळानंतर ती घडीची ॲल्युमिनियमची शटरे घेण्याच्या विचारात आहे. काही विशेष पाहावे का?

उत्तर : तेथे ही निवड पुष्कळ सोपी आहे, कारण १९९२च्या अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडाची जी हानी केली, तिच्यानंतर नियम कडक झाले. तेथील नेहमीच्या चाचणीत सुमारे चार किलो वजनाचा लाकडी वासा ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने शटरावर मारतात आणि त्यानंतर हजारो वेळा दाब देऊन ते टिकते का, हे पाहतात. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा राज्याच्या मंजुरीचा क्रमांक पाहावा, आणि ती मंजुरी आपल्याच भिंतीच्या प्रकारासाठी व आपल्याच खिडकीच्या मापासाठी आहे का, हेही तपासावे. घडीचे शटर एकटे माणूस लावू शकते, हा त्याचा मोठा गुण. त्याचे खालचे रूळ मात्र वाळू आणि मिठाने अडकतात, म्हणून जूनमध्ये हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्व शटरे एकदा पूर्ण ओढून पाहावीत. विम्याच्या हप्त्यात सवलत मिळू शकते, पण त्यासाठी तपासनीसाचा अहवाल लागतो आणि सहसा प्रत्येक काचेचे संरक्षण झालेले असावे लागते. एक खिडकी राहिली तरी सवलत हुकू शकते.

प्रश्न : काचेवर फुलीसारखी चिकटपट्टी लावणे किंवा टफन काच बसवणे पुरेसे नाही का?

उत्तर : चिकटपट्टीने काचेची ताकद काडीइतकीही वाढत नाही, उलट काच फुटल्यावर मोठे, जड तुकडे एकत्र सुटण्याचा धोका असतो. टफन काच साध्या काचेहून मजबूत खरी, पण कठीण वस्तूचा मार बसला की तिचा क्षणात चुरा होतो आणि खिडकी मोकळी होते. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच तडकली तरी चौकटीत टिकते. ती घेताना चौकटही तशीच भक्कम आणि भिंतीला घट्ट बांधलेली हवी, नाहीतर काच शाबूत राहून चौकटीसकट आत येते.