बेळगावकडे थंडीत मायक्रोलाइट (एक-दोन जणांच्या हलक्या) विमानांचा क्लब चालू ठेवता येतो का?

येतो की! उलट खरा हंगाम हाच, पावसाळ्यात विमान शेडमध्येच असतं. बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र दोन्ही आहेत, त्यामुळे परवानग्या आधी.

मग सकाळची घाई सोडा. पंखांवर इतकं दव साचतं की पुसलेला पंचा पिळला तर धार लागते. ते पूर्ण पुसल्याशिवाय उड्डाण नाही. इंजिन रोटॅक्स ९१२ असेल तर तेल ५० अंशांवर येईपर्यंत थांबा. कार्बोरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी हवा-इंधन मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरायला कडाक्याची थंडी लागत नाही, दमट हवेत १५ अंशांनाही धरतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूच उतरू लागले की लगेच कार्ब हीट, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा!

ऊसतोडीनंतर पाला पेटवतात. त्या धुरात धुकं मिसळलं की समोरचं शिवारही दिसत नाही. तेव्हा नवशिक्याला अजिबात वर सोडू नका.