हळदीचा वायदा आणि मुलीची वकिली

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी पुण्यात कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे आणि तिला डेरिव्हेटिव्हजच्या, म्हणजे ज्यांची किंमत दुसऱ्या कशाच्या तरी भावावर ठरते अशा वायद्यासारख्या सौद्यांच्या, करारांचं काम करायचंय. तुमची सांगलीत हळदीची अडत. पत्रात तुम्ही सरळ विचारलंय: "वायद्यात माणसं बुडालेली मी पाहिलीत. मुलीनं सट्ट्याच्या कामात का पडावं? आणि कोर्टात उभीच राहणार नसेल, तर ती वकील कसली?"

सट्ट्याची शंका कायद्यालाही होती. करार कायदा, 1872 च्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल ठरतो. म्हणून शेअर बाजारातल्या डेरिव्हेटिव्हजना रोखे करार नियमन कायद्याच्या कलम 18अ चा आधार द्यावा लागला, आणि बँकांच्या खासगी सौद्यांना रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 45व्ही चा. 2008 मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर एक साखर कंपनी नेमकं हेच म्हणत होती, की बँकेशी झालेला सौदा पैज आहे. न्यायालयानं ते मानलं नाही.

आता मुलीचं काम तुमच्याच भाषेत सांगतो. समजा, एका व्यापाऱ्याकडून तुम्हाला एका सौद्याचे 8 लाख यायचेत आणि दुसऱ्या सौद्यात तुम्ही त्याला 10 लाख द्यायचेत. त्यानं दिवाळं काढलं. त्याचा कारभार बघणारा म्हणतो, "10 लाख आत्ता टाका, तुमच्या 8 लाखांसाठी रांगेत उभे राहा." वजावट मान्य असेल तर तुम्ही 2 लाख देऊन मोकळे. बँकांच्या सौद्यांत या वजावटीला 'नेटिंग' म्हणतात. 15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी गुंतवणूक बँक कोसळली, तेव्हा जगभरच्या बँकांचे वकील आपापल्या करारात हेच शोधत होते. आपल्याकडे नेटिंगचा स्वतंत्र कायदा 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झाला. हा विषय तिनं मुळापासून शिकावा असं मला मनापासून वाटतं, कारण या कामाचा जीव इथं आहे.

हे सौदे बहुतेक 'इस्डा मास्टर ॲग्रीमेंट'वर, म्हणजे इस्डा या आंतरराष्ट्रीय संघटनेनं तयार केलेल्या ठरावीक नमुना-करारावर होतात. 1992 आणि 2002 च्या आवृत्त्या चालतात. छापील मजकुराला सहसा हात लावत नाहीत. घासाघीस होते ती सोबतच्या 'शेड्युल'वर, म्हणजे दोघांनी आपापसात ठरवलेल्या अटींच्या जोडपत्रावर. पैसे चुकवल्यावर किती दिवसांची सवलत, तारण कधी मागायचं, ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीनं कर्ज थकवलं तर हाही करार मोडला असं धरायचं का. एका ओळीसाठी आठवडाभर मेल चालतात. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं, त्यानं या वाटेला जाऊ नये.

नोकऱ्या मुख्यतः मुंबईत, बँकांच्या लीगल विभागांत आणि मोठ्या लॉ फर्म्समध्ये. आता गुजरातमधल्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रातही. एक गोष्ट आधीच समजून घ्या: बँकेत पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली तर सनद स्थगित ठेवावी लागते. म्हणून सुरुवात फर्ममधून करावी, असं माझं मत आहे. कोर्टाचा दरवाजा तिच्यासाठी उघडा राहील.

अभ्यासात करार कायदा, दिवाळखोरी संहिता, फेमा (परकीय चलनाचा कायदा) आणि रिझर्व्ह बँकेची डेरिव्हेटिव्हजवरची निर्देशपत्रं पक्की हवीत. एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची इक्विटी (शेअर) डेरिव्हेटिव्हजची परीक्षाही द्यावी, म्हणजे ट्रेडर काय बोलतोय ते कळेल. अमेरिकी कंपन्यांनी तिथल्या नियामकाकडे दाखल केलेले भरलेले इस्डा करार इंटरनेटवर फुकट वाचता येतात. एक उतरवून घ्यावा आणि शेड्युलचं एकेक कलम स्वतःच्या मराठीत लिहून काढावं.

सुट्टीत ती घरी आली की तुमच्या अडतीच्या कर्जाचा करार तिच्यापुढे ठेवा. हप्ता चुकला तर बँक कुठल्या कलमाखाली काय करू शकते, ते तिला तुम्हाला समजावून सांगू द्या. त्यानंतर तिघं मिळून बोलू. मी फोनवर आहेच.