वाचकांचे प्रश्न : प्रवासातले अनोळखी सोबती आणि आपली साक्ष

प्रश्न : मी कोल्हापूरची असून नोकरीनिमित्त एसटीने मिरजेला ये-जा करते. शेजारी बसलेल्या बायका गाव, आडनाव, मुलेबाळे असे विचारत विचारत माझ्या नावाशी येतात आणि ‘तुम्ही ख्रिश्चन का?’ असे विचारतात. मी ‘हो’ म्हणते आणि गप्प बसते. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) तर संधी मिळेल तिथे साक्ष द्यावी, म्हणजे आपल्या ख्रिस्ती विश्वासाविषयी सांगावे, असे सांगितले जाते. प्रवासात कोणाला उपदेश करणे मला पटत नाही. पण हा माझा भित्रेपणा तर नव्हे, अशी टोचणी लागून राहते.
— एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : भगिनी, आपल्या संकोचात थोडी भीती असेलही, पण त्यात एक रास्त विवेकही आहे आणि तो आपण सोडू नये. चौकात कोणी बोलत असेल, तर ऐकणाऱ्याला न आवडल्यास तो पुढे निघून जाऊ शकतो. खिडकीशी बसलेल्या, मांडीवर पिशवी घेतलेल्या बाईला मात्र हातकणंगले किंवा जयसिंगपूर येईपर्यंत उठून जाण्याची सोय नसते. तिच्या या अडचणीचा फायदा घेऊन बोललेले शब्द कितीही खरे असले, तरी ते तिच्यावर लादलेलेच ठरतात.

पवित्र शास्त्रातील प्रवासांकडे या दृष्टीने पाहावे. लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना मरणातून उठलेला प्रभू येशू भेटतो, तेव्हा तो आधी ‘तुम्ही कशाविषयी बोलत आहात’ असे विचारतो, त्यांचे सारे दुःख त्यांच्याच तोंडून ऐकून घेतो, आणि मगच शास्त्राचा अर्थ उलगडतो. गाव जवळ आल्यावर तो पुढे जाण्याच्या बेतात असल्याचे दिसते. ‘आमच्याबरोबर राहा’ हा आग्रह ते दोघे करतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शुभवर्तमान सांगणारा फिलिप्प एका कूशी (इथियोपियाच्या) अधिकाऱ्याच्या रथाजवळ धावत जातो हे खरे. पण तिथेही तो एक प्रश्न विचारतो, आणि ‘वर येऊन बस’ ही विनंती त्या अधिकाऱ्याकडून येते. दोन्ही प्रसंगी बोलावणे समोरच्याकडून आलेले आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मात्र याच कसोटीवर आपले ‘हो’ अपुरे पडते, हेही सांगितले पाहिजे, कारण त्या बाईने प्रश्न विचारून दार स्वतःच उघडलेले असते. आपल्या आशेविषयी जो कोणी विचारील त्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला तयार असावे, असे पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. हे उत्तर लांबलचक असण्याची गरज नाही. ‘हो, आम्ही ख्रिश्चन. मी रोज सकाळी प्रार्थना करून घर सोडते; पुष्कळ कठीण दिवसांत प्रभू येशूने मला धीर दिला आहे’, एवढे सांगून ‘तुमचे कसे?’ असे विचारावे आणि तिचे उत्तर खरोखर ऐकावे. ती अंबाबाईला नवस फेडून आली असेल, नृसिंहवाडीला निघाली असेल. तिच्याही मनात श्रद्धा आहे, भीती आहे, कोणासाठी तरी केलेली याचना आहे. ते ऐकून घेण्याची तयारी नसेल, तर आपले सांगण्याचा अधिकार आपल्याला कसा मिळेल? तिला अधिक जाणून घ्यायचे असेल तर ती पुढचा प्रश्न विचारील. नाही विचारला, तर तेथेच थांबण्यात कसलीही हार नाही.

आपल्या वाटेविषयी आणखी एक गोष्ट विशेष काळजीने सांगावीशी वाटते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून हे गाव उपचारांसाठी ओळखले जाऊ लागले आणि आजही त्या एसटीत रुग्णाचा डबा किंवा तपासणीचे कागद सांभाळत बसलेले नातेवाईक हमखास भेटतात. असा माणूस धास्तावलेला असतो आणि दिसेल त्या आधाराला हात घालतो. ‘येशूवर विश्वास ठेवा, रुग्ण बरा होईल’ असे वचन त्याला कधीही देऊ नये. ते देणे आपल्या हाती नाही, आणि रुग्ण दगावला तर आपण त्या घराला दुहेरी दुःख दिलेले असेल. ‘मी तुमच्या माणसासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ असे विचारावे. त्यांनी मान डोलावली तर रुग्णाचे नाव विचारून घ्यावे आणि ती प्रार्थना खरोखर करावी. रुग्णालयाचे दार कुठे, केसपेपर कुठे काढतात, हे दाखवायला त्यांच्याबरोबर चार पावले जाणे हीदेखील साक्षच आहे. पण त्याच्या मोबदल्यात त्यांनी आपले ऐकावे अशी अपेक्षा मनातही नसावी.

प्रश्न : मी महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. कोल्हापूरहून मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाताना नव्या कराराच्या (बायबलच्या येशूविषयीच्या दुसऱ्या भागाच्या) प्रती वाटण्यासाठी बरोबर न्याव्यात असे वाटते. मित्र म्हणतात, कायद्याने अडचण होईल. शिवाय पुन्हा कधीही न भेटणाऱ्या माणसाशी बोलून काय साधते?
— एक तरुण वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी कायद्याविषयी. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ नुसार सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. मात्र प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे होय, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टेनिस्लॉस यांच्या खटल्यात १९७७ मध्ये स्पष्ट केले. धर्मांतराविषयीचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत, म्हणून जिथे जायचे तिथली माहिती आधी करून घ्यावी. माझे स्वतःचे मत विचाराल, तर डबाभर पुस्तके वाटत फिरू नये. आपली एकच प्रत बरोबर ठेवावी, ती वाचावी, आणि कोणी आस्थेने विचारले तर तीच द्यावी. आईवडिलांना न विचारता लहान मुलाच्या हाती काहीही देऊ नये. दुसऱ्याच्या देवाविषयी वावगा शब्द तर उच्चारूच नये.

आता काय साधते याविषयी. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती कसे झाले, तो वृत्तांत मराठी ख्रिस्ती वाचकाला ठाऊक असतो, तरी तो पुन्हा नीट पाहण्यासारखा आहे. १८९३ मध्ये राजनांदगावला जात असताना आगगाडीत त्यांना एक अनोळखी युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांशी अदबीने संभाषण केले, काव्याविषयी बोलणे झाले, आणि मग धर्माचा विषय निघाला. निरोप घेताना त्यांनी नव्या कराराची प्रत टिळकांना दिली. टिळक ती वाचू लागले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थांचे नाव टिळकांनी विचारून घेतले नव्हते.

या कथेचा एवढाच भाग आपण आनंदाने सांगतो. पण बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे घर दुभंगले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना कित्येक वर्षे पतीपासून दूर राहून अपार मनस्ताप सोसावा लागला, आणि पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. रेल्वेतल्या एका संभाषणाचा धागा न पाहिलेल्या एका घरापर्यंत गेला होता. आपल्यासमोर बसलेल्या माणसालाही आई असते, पत्नी असते, भावकी असते. म्हणून त्याला घाई करू नये, तिथल्या तिथे निर्णय मागू नये, ‘घरच्यांना सांगू नका’ असे तर मुळीच म्हणू नये. टिळकांनी दोन वर्षे वाचले, विचार केला, वाद घातला. तेवढा अवकाश प्रत्येकाला मिळायला हवा. गाडीतून उतरल्यावर पुढे काय झाले हे आपल्याला कळणार नाही, आणि ते कळावे असा आग्रहही नसावा. फोन नंबर त्याने मागितला तर द्यावा; आपण होऊन, विशेषतः एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीकडे, मागू नये.

प्रश्न : सहप्रवासी अंबाबाईचा प्रसाद देतात. घेतला तर मनाला लागते, नाकारला तर बोलणेच संपते. काय करावे?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : याबाबत आपल्या मंडळ्यांत एकमत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की पुढे वाढलेले काहीही चौकशी न करता खावे. परंतु ‘हे देवाला अर्पिलेले आहे’ असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकाखातर खाऊ नये. मी स्वतः याच वचनाप्रमाणे चालतो. घेऊन नंतर खिडकीबाहेर टाकणे मात्र मला सर्वांत वाईट वाटते, कारण त्यात देणाऱ्याची फसवणूक आहे आणि त्याच्या श्रद्धेचा अपमानही आहे. हात जोडून, हसून, ‘राग मानू नका, आम्ही ख्रिश्चन आहोत, प्रसाद घेत नाही’ असे म्हटल्याने बोलणे संपतेच असे नाही. त्यांनी डब्यातली भाकरी-चटणी पुढे केली तर ती आनंदाने घ्यावी आणि आपल्याजवळचे त्यांना द्यावे. का घेत नाही असे त्यांनी विचारले, तर कारण एका वाक्यात सांगावे, मूर्तिपूजेवर वाद काढू नये, आणि दर्शनाला गर्दी किती होती, किती वेळ रांगेत उभे राहावे लागले, हे आपुलकीने विचारावे.