नाव घेशील तेव्हा आधी आभार मान

प्रिय लेकरा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज दोनदा वाचला. युवक संघाला चारच पोरं येतात, मराठी आणि कन्नड उपासनेच्या टायमिंगवरून परत कुरबुर सुरू झालीय, आणि शेवटी तू लिहिलंस की अंकल, मंडळीतल्या सगळ्यांची नावं घेऊन रोज प्रार्थना करतो पण उठल्यावर अजून राग येतो. खरं सांगितलंस ते बरं केलंस बघ. मला वाटतं तू गुडघे टेकून देवाला तक्रार अर्जच वाचून दाखवतोस, याला सुधार, त्याला बुद्धी दे. मी पण कितीतरी वर्षं हेच केलंय म्हणून ओळखलं.

तुला माहितीय मी बेळगाव-निपाणी गाडीवर कंडक्टर होतो. तेव्हा मशीन नव्हतं, तिकिटाला पंच मारायचो आणि स्टेज आलं की वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरायचं. त्यातूनच सवय लागली, प्रत्येक स्टेजला तिथल्या एका विश्वासणाऱ्याचं नाव मनात घ्यायचं. काकती आली की एक, हत्तरगी आली की दुसरा, मग संकेश्वर, कणगला. पण नाव घेतलं की आधी त्या माणसाचा दोषच आठवायचा, आणि निपाणी येईपर्यंत माझंच मन जड व्हायचं.

मग तुझ्या आंटी गेल्या. त्यानंतर चार महिने मी उपासनेला गेलो नाही, बायबल उघडलं नाही, कुणी आलं की झोपलोय म्हणून सांगायचो. एका संध्याकाळी, धो धो पाऊस होता, आपल्या मंडळीतला एक कन्नड भाऊ दारात येऊन उभा राहिला, छत्रीतनं पाणी गळतंय, आत पण येईना. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, अण्णा, मी रोज सकाळी तुमच्यासाठी देवाचे आभार मानतो, तवंदी घाटात गाडी बंद पडली होती तेव्हा तुम्ही त्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या म्हातारीला तुमचा स्वेटर दिला आणि दुसरी गाडी येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिला, मी त्याच गाडीत होतो. एवढंच बोलला आणि गेला. मी तर ते साफ विसरलो होतो रे! आणि हा माणूस तेवढ्या एका गोष्टीसाठी इतकी वर्षं देवापुढं माझं नाव घेत होता. पुढच्या रविवारी मी उपासनेला गेलो. ये म्हणून तो एका शब्दानं बोलला नव्हता.

त्यानंतर मी बायबलातली प्रेषित पौलानं मंडळ्यांना लिहिलेली पत्रं परत वाचायला घेतली, नुसत्या सुरुवाती. तू पण बघ. फिलिप्पैच्या मंडळीला तो कैदेतून पत्र लिहितो आणि पहिल्यांदा काय, तर तुमची आठवण आली की देवाचे आभार मानतो. आता फिलिप्पै म्हणजे कुठलं गाव, जिथं त्याला छड्या मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं, प्रेषितांची कृत्ये 16 व्या अध्यायात आहे बघ. त्या गावाच्या आठवणीत त्याला तिथं विश्वास ठेवलेली लुदिया दिसते, विश्वास ठेवलेला तो बंदिशाळेचा नायक दिसतो. आणि करिंथची मंडळी तर आपल्यापेक्षा किती वाईट अवस्थेत, तट पडलेले, भाऊ भावावर कोर्टात जातोय, प्रभुभोजनाला एक उपाशी तर एक प्यालेला, तरी फटकारायच्या आधी पहिल्याच अध्यायात तो त्यांच्यासाठी उपकारस्तुती करतो, त्यांना मिळालेल्या कृपेबद्दल. गलतीकरांना लिहिताना मात्र तशी सुरुवात नाही, थेट मुद्द्यावर येतो. त्यावरून मला तरी असं वाटतं की तो आभार रीत म्हणून लिहीत नव्हता, म्हणून तू पण खोटं मानू नकोस. जे डोळ्यांनी बघितलंयस त्याचेच मान.

काय बघायचं ते थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात आहे, विश्वासाचं काम, प्रीतीचे श्रम आणि आशेचा धीर. मंडळीतल्या ज्या आंटींचा तुला राग येतो ना, त्या तीस वर्षं रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालतात, गुडघे दुखतात तरी. हे श्रम नाहीत तर काय? त्यांचं नाव घेशील तेव्हा सतरंजीपासून सुरू कर. मग त्यांच्या जिभेबद्दल माग की, मागू नको असं मी म्हणत नाही. फिलिप्पैच्या मंडळीतल्या युवदीया आणि सुंतुखे या दोघी विश्वासणाऱ्या बायकांचं पटत नव्हतं, तेव्हा एकचित्त व्हा अशी विनवणी पौलानं केलीच, पण लगेच हेही लिहिलं की या दोघींनी सुवार्तेच्या कामात माझ्याबरोबर श्रम केलेत.

आणि मानलेले आभार पोटात ठेवू नकोस, त्या माणसाला जाऊन सांग. पौलानं तर पत्रात लिहून कळवलं. व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं चित्र पाठवलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, नाव घेऊन, काय बघितलं ते सांगायचं. कन्नड उपासनेतल्या एकाला तरी या आठवड्यात भेट, तुझं कन्नड कच्चं आहे तर असू दे, त्या भावाचं मराठी पण कच्चंच होतं.

आता मी रिटायर, पण सकाळी खुर्चीत बसून तीच स्टेजं धरतो. हत्तरगीला तुझं नाव येतं. मागच्या नाताळात सगळी पोरं व्यासपीठाजवळ फोटो काढत होती आणि तू त्या ऐकू न येणाऱ्या आजोबांच्या शेजारी बसून गीतांच्या पुस्तकात प्रत्येक ओळीवर बोट ठेवत होतास, शेवटच्या गीतापर्यंत. ते मी मागच्या बाकावरून बघत होतो. त्याबद्दल रोज देवाचे आभार मानतो. आईला सलाम सांग.

तुझा,
अंकल