दुनळी बंदुकीचा दस्ता किती लांब असावा, हे उंचीवरून ठरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची विलायती दुनळी, बारा बोअर, दोन चापांची, आता रीतसर परवान्यावर तुमच्या नावे झाली आहे. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा लाकडी भाग, १४ इंच भरतो आणि तुमची उंची ५ फूट ११ इंच आहे. दस्ता लांब करावा का, आणि मागे रबरी पॅड लावून भागेल का?

भागेल बहुतेक. इंचभराचा पॅड लावून बघा. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल, कारण पुढचं मी तुमच्यासाठी कमी आणि माझ्या दादासाठी जास्त लिहितेय.

आमच्या कोल्हापूरच्या घरीही अशीच दुनळी होती. आजोबांनंतर ती वडिलांच्या आणि मग दादाच्या परवान्यावर गेली. वर्षातून दोनदा ती कपाटातून निघायची, ओसरीवर जुनी चादर अंथरली जायची आणि तेलाचं फडकं धरून बसायचं काम माझं. चौदा वर्षांची असताना मी म्हटलं, मलाही जरा खांद्याला लावून बघू दे. दादाने रिकामी बंदूक घेतली, दस्त्याचं बूड माझ्या कोपराच्या वळणात ठेवलं आणि म्हणाला, ‘आता बोट चापाला पोचव.’ पोचलं नाही, दोन बोटं कमी पडलं. ‘तुझे हात आखूड. तुला दुनळी नाही जमायची.’ झाला निकाल.

ही कोपराची परीक्षा अजूनही लोक करतात, दुकानदारसुद्धा करतात. ती निव्वळ भंपकपणा आहे. त्यातून कोपरापासून बोटापर्यंतचं अंतर कळतं, बस्स. बंदूक कोपरात धरून कोणी झाडत नाही. मान किती लांब, गालाचं हाड किती वर, खांदा रुंद की उतरता, छाती कशी, उभं राहताना तुम्ही पुढे किती झुकता, यातलं काहीही कोपराला ठाऊक नसतं. आणि हो, उंचीलाही नसतं. सारख्याच उंचीच्या दोन माणसांच्या दस्त्यात पाऊण इंचाचा फरक सहज निघतो.

पुढे नोकरीमुळे मी इंग्लंडात आले, बर्मिंगहॅमजवळ. हे गावच बंदुकांचं. दुनळ्यांच्या आत बहुतेक वेळा जी यंत्रणा सापडते ती अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ साली इथेच काढलेली. इथे रविवारी लोक क्ले मारायला जातात. क्ले म्हणतात, पण त्यात माती नसते, चुनखडी आणि डांबर असतं. ११० मिलिमीटरची तबकडी यंत्रातून सुटते आणि तुम्ही ती हवेत फोडायची. मी प्रमाणपत्र काढलं आणि हौसेने एक जुनी दुनळी घेतली. अक्रोडाचा सुरेख दस्ता, सरळ मूठ. माप १४ इंच ७ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). माझी उंची ५ फूट २ इंच.

पहिल्या दोन महिन्यांत पंचवीस तबकड्यांपैकी सहाच्या वर गेले नाही. आणि मार! उजव्या गालावर निळा वण, दंडावर दुसरा. एका सोमवारी ऑफिसातल्या एका बाईंनी मला पॅन्ट्रीत गाठलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ बिचारा माझा नवरा, त्याने आयुष्यात झुरळ मारलेलं नाही.

दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, ‘नेम मनगटात असतो, लाकडात नसतो. सराव कर.’

आमची आई आयुष्यभर शिवणकाम करायची. दुसरीच्या मापाचं पोलकं काखेत काचलं तर त्या बाईला कधी म्हणाली नाही की सराव करा. टाचण्या तोंडात धरून म्हणायची, ‘हात वर कर, आता खाली सोड, श्वास सोड.’ जुनी विलायती दुनळी म्हणजे दुसऱ्याच्या मापाचं पोलकंच. शंभर वर्षांपूर्वी कोण्या लांब हाताच्या साहेबासाठी ती बेतलेली, आणि ती तुमच्या काखेत काचते.

शेवटी क्लबातल्या एकाने मला एका म्हाताऱ्या कारागिराकडे पाठवलं. त्याच्या आवारात लोखंडी पत्रा उभा, चुन्याने पांढरा केलेला, मधोमध हातभर उंचीवर काळा ठिपका. त्याने मला १६ यार्डांवर उभं केलं. ‘नेम धरायचा नाही. ठिपक्याकडे बघ, बंदूक उचल, गाल टेकला की झाड.’ आठ काडतुसं झाडली. छर्‍यांचे आठही ढग ठिपक्याच्या डावीकडे आणि खाली. त्याने त्यांच्या मध्यावर खडूने फुली मारली आणि टेप लावला. ठिपक्यापासून चार इंच डावीकडे, तीन इंच खाली. म्हणाला, ‘दोन सूत बाहेर, दीड सूत वर.’ म्हणजे त्याच्या भाषेत पाव इंच आणि तीन-सोळांश. पण मला ऐकू आलं ते आमच्या गल्लीतल्या सुताराच्या भाषेत.

हा हिशेब जादूचा नाही. दुनळीला मागे नेम धरायची माशी नसते, पुढे नळ्यांच्या टोकाला एक बारीक मणी तेवढा असतो. मागची माशी म्हणजे तुमचा डोळा, आणि तो डोळा कुठे बसेल हे दस्ता ठरवतो. डोळ्यापासून मण्यापर्यंत अंतर साधारण एक यार्ड. म्हणून डोळा अर्धा सूत सरकला की दर यार्डाला मार, म्हणजे छर्रे लागतात ती जागा, अर्धा सूत सरकतो, १६ यार्डांवर एक इंच. ३२ यार्डांवर दोन. माझे चार इंच तिथे आठ झाले असते, आणि तबकडी सगळी सव्वाचार इंचांची. दादा, वाचतोयस ना? मनगट कुठे आलं यात?

डावीकडे का? दस्ता लांब, म्हणून उचलताना तो काखेत अडकायचा आणि मी नकळत त्याचं बूड खांद्याच्या खळीऐवजी दंडावर लावायची. त्यात डोळा रिबच्या, म्हणजे दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या, डावीकडे राहायचा. दंडावरचा वण त्याचाच. उजव्या हाताच्या माणसाचा दस्ता वरून पाहिला तर किंचित उजवीकडे झुकलेला असतो, त्याला कास्ट म्हणतात, डावखुऱ्याचा डावीकडे. माझ्या दस्त्यात तो होता, पण साहेबाच्या चेहऱ्यापुरता. बायकांना बुडाच्या खालच्या टोकाशी कास्ट आणखी लागतो, नाहीतर ते टोक छातीत रुततं. हे मला कोणीही आधी सांगितलं नव्हतं, आणि दुकानात विचारलं तर ‘हलकी बंदूक घ्या मॅडम’ एवढंच उत्तर मिळालं होतं. हलकी बंदूक धक्का जास्त देते, हे जाता जाता.

मग त्याने मापाची बंदूक काढली. दस्त्याला जागोजागी सांधे आणि स्क्रू, दिसायला प्लास्टर काढल्यावरच्या पायासारखी. ती माझ्या खांद्याला लावून तो किल्लीने एकेक स्क्रू फिरवत गेला आणि मधून मधून समोर उभा राहून माझ्या उजव्या डोळ्यात बघत राहिला. शेवटचं माप आलं १३ इंच ५ सूत. माझ्या दस्त्याचा सव्वा इंच कापला, दस्त्याच्या मनगटाच्या जागी, म्हणजे मुठीपाशी, गरम तेल सोडून लाकूड मऊ केलं आणि साच्यात आवळून बाजूला व वर वाकवलं. दोनदा, कारण पहिल्यांदा ते थोडं परतलं. अक्रोड तडकूही शकतो, ते त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

त्यानंतर पंचवीसात पंधरा. पंचवीस नाही, खोटं कशाला बोलू. आणि त्यातल्या चार-पाच तबकड्या मधल्या काळात घेतलेल्या शिकवणीच्या असतील. पण गालाचा वण गेला तो गेलाच.

आता तुमचं. १४ इंच तुमच्या उंचीच्या बहुतेकांना आखूड पडेल. उचलताना उजव्या हाताचा अंगठा नाकाला लागतो का बघा, लागत असेल तर नक्कीच आखूड. पण पॅडने नुसती लांबी वाढत नाही. दस्त्याची वरची धार मागे उतरती असते, नळ्यांच्या रेषेखाली पुढे दीड इंच आणि मागे सव्वादोन-अडीच. दस्ता इंचभर लांबला की गालही मागे सरकतो, तिथे धार जवळजवळ सूतभर खाली असते, डोळा खाली जातो आणि मार खाली पडतो. त्यात शेजारी-शेजारी नळ्यांची बंदूक झाडताना नळ्या किंचित खाली लवतातच, वर-खाली नळ्यांच्या बंदुकीत तेवढ्या लवत नाहीत. म्हणजे खालीत आणखी खाली. तेव्हा पॅड लावलात तर गालाखालीही चामड्याची एखादी पट्टी चढवावी लागेल असं धरून चाला. आधी चिकटपट्टीने पातळ पुठ्ठ्याचे थर लावून बघा, लाकडाला करवत शेवटी. इटालियन बंदुकांसारख्या चकत्या घालून दस्ता वर-खाली करण्याची सोय या जुन्या इंग्रजी दुनळ्यांत नसते, तिथे वाकवणंच आलं.

रबर शर्टाला अडकतं, म्हणून पॅड चामड्याने मढवून घ्या. आणि पुण्याच्या उन्हाळ्यात सुती शर्टावर घेतलेलं माप थंडीत स्वेटरवर अर्धा इंच जास्त वाटेल.

घरच्या घरी करायचं तर बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून आरशासमोर उभे राहा, डोळे मिटून उचला, गाल टेकवा, उघडा. डोळ्याची बाहुली रिबच्या बरोबर मधोमध, जराशी वर दिसली पाहिजे. त्याआधी तुमचा कुठला डोळा बलवान आहे, म्हणजे नेम धरताना कुठला पुढाकार घेतो, ते तपासा. डावा निघाला तर वरचं सगळं वेगळ्या पद्धतीने करावं लागेल.

आणि जे खरं तर आधी सांगायला हवं होतं: जुन्या विलायती दुनळ्यांची काडतुसाची खोली, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, पुष्कळदा ६५ मिलिमीटर असते, आजची सर्रास मिळणारी काडतुसं ७० ची. जाणत्याकडून नळ्या आणि खोली तपासून घेतल्याशिवाय एकही झाडू नका. काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या, लाकडाचं असलं तरी. नळ्यांना करवत लावायची कल्पनासुद्धा नको, तो सरळ गुन्हा आहे. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचं नाव काढू नये हे तुम्हाला ठाऊक असेलच, रेंजवर जा.

दादा दोन वर्षांपूर्वी इथे आला होता. क्लबात पाहुण्याला प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली झाडू देतात. माझी दुनळी घेतली, दहा तबकड्या सुटल्या, दहाही सुखरूप गवतात उतरल्या. बंदूक माझ्या हातात देत म्हणाला, ‘हिचा दस्ता वाकडाय.’ मी म्हटलं, हो, दोन सूत. घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

एक विचारायचं राहिलं. ते १४ इंच तुम्ही कुठल्या चापापासून मोजलेत? दोन चापांच्या बंदुकीत पुढच्या चापापासून बुडाच्या मध्यापर्यंत मोजायचं असतं. मागच्यापासून मोजलं असेल तर तुमचा दस्ता पंधराच्या आसपास आहे, आणि मग पॅडबिड काही आणू नका. कळवा.